डॉक्टरवालीचा तिसरा हात

“डॉक्टरवालीचा दुसरा हात कुणाकडे आहे?” असं त्या हॉलमध्ये कुणी ओरडलं, की नवा पेशंट हमखास दचकायचा. डायलिसिसच्या धास्तीनं बिचारा आधीच जीव मुठीत धरून आलेला असायचा. त्यात इथं माणसांचे हात सुटे करून वाटतात की काय, अशी शंका त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसायची. मग मोठ्या सिस्टर हसून सांगायच्या, “घाबरू नका हो, पुस्तकाबद्दल चाललंय.”

ही सगळी करणी बाइंडरकाकांची. या माणसानं उभा जन्म पुस्तकं बांधण्यात घालवला आणि मूत्रपिंडांनी दगा दिल्यावर तो पुस्तकं फाडायला लागला. कारण अगदी साधं होतं. मशीनवर चार तास बसून राहायचं, एका हातात दोन जाड सुया, तो हात जरा हलला की मशीन बोंब मारणार. राहिला एक हात. एका हातानं तीनशे पानी कादंबरी धरून बघा, म्हणजे कळेल. काकांनी काही दिवस ते सोसलं. मग एका संध्याकाळी घरी त्यांनी एका कादंबरीचा कणा उसवला, सोळा-सोळा पानांच्या जुड्या, म्हणजे बाइंडर लोक ज्यांना फर्मे म्हणतात ते, सुटे केले आणि त्यांचे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा दोरा भरला. वर जाड रंगीत कागद चिकटवला. एका हातात मावेल असा एक भाग. त्यालाच हॉलमध्ये ‘हात’ म्हणायला लागले. पहिला हात एकाकडे, दुसरा त्याच्या शेजारी, तिसऱ्यासाठी रांग. कोण कुठपर्यंत आलंय यावरून भांडणंसुद्धा व्हायची, आणि भांडणाऱ्यांचं ब्लडप्रेशर त्या दिवशी चांगलं असायचं, असं मोठ्या सिस्टरांचं निरीक्षण होतं.

कुणी काय वाचावं, हे काका ठरवायचे. त्याबाबतीत त्यांचा शब्द म्हणजे डॉक्टरांच्या शब्दापेक्षा वरचढ. खुनाची कादंबरी ते नव्या माणसाला देत नसत. “आधी सुयांची सवय होऊ दे, मग सुऱ्यांचं बघू,” म्हणायचे. भुताखेतांच्या गोष्टी फक्त खिडकीजवळच्या, उजेडातल्या खुर्च्यांना. बाकी सगळ्यांना मात्र एकच औषध, प्रेमकथा. तीही ज्यात शेवटी दोघांचं जमतंच, अशी. बँकेतला निवृत्त शिपाई असो की पोरासोरांची आई, काका पुस्तक पुढं सरकवून एवढंच म्हणायचे, “शेवट गोड आहे. मी बघितलाय.” आणि गंमत म्हणजे तेवढं पुरायचं. त्या हॉलमध्ये बसणाऱ्या कुणालाच आपल्या पुढं काय वाढून ठेवलंय याची खात्री नव्हती. निदान पुस्तकात तरी ती असावी, यात काय चुकलं?

कादंबऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात राहत नसत. नायकाच्या धंद्यावरून ओळख. वकीलवाली, घोडेवाली, डॉक्टरवाली, कप्तानवाली. काकांच्या समोरच्या खुर्चीतला ड्रायव्हर, जन्मभर लांब पल्ल्याच्या बसगाड्या हाकलेला रांगडा गडी, गेले कित्येक दिवस कप्तानवालीत बुडाला होता आणि जहाजाला वादळानं गाठलं तेव्हा तो खरोखर खुर्चीचा हात घट्ट धरून बसला होता.

अशा त्या सुखी संसारात ऑडिटरबाई येऊन दाखल झाल्या.

काकांच्या शेजारची खुर्ची त्यांना मिळाली. बारीक चणीच्या, ताठ कण्याच्या, नाकावर माशी बसू न देणाऱ्या. सरकारी हिशोबतपासणीत नोकरी झालेली, घरी एक भाची सोडली तर कुणी नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी टेक्निशियनला मशीनवरचा आकडा आणि कागदावरचा आकडा यांतला फरक दाखवून दिला. फरक निघाला तो खराच, पण त्या दिवसापासून टेक्निशियन त्यांच्या खुर्चीकडे जाताना घसा साफ करून जायला लागला.

काकांनी त्यांना डॉक्टरवालीचा पहिला हात दिला, तर त्यांनी नाक मुरडलं. “मी असलं वाचत नाही.”

“शेवट गोड आहे.”

“शेवट आधीच कळला असेल तर वाचायचं कशाला?”

“तो आपल्याला कळलाय, बाई. त्या दोघांना कुठं कळलाय? त्यांची फजिती बघायची.”

बाईंनी पुस्तक परत दिलं आणि छताकडे बघत बसल्या. चार तास. काका आपले गप्प वाचत होते, पण लक्ष लागेना. त्यातच मशीनवरून उतरायच्या वेळी भाची बाईंच्या चपला घेऊन आली, आणि बाई तिला हळू आवाजात जे बोलल्या ते शेजारच्या खुर्चीला ऐकू गेलं. “एवढा महिना बघते. मग पुरे. हे असं सुयांना बांधून घेऊन जगायचं, त्याला काही अर्थ नाही. तू रडू नकोस. मी नीट विचार केलाय.”

मशीन सोडायचं म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. तिथला एक अलिखित रिवाजच होता. एखादी खुर्ची रिकामी दिसली, की कुणी विचारायचं नाही. सिस्टर नवी चादर घालतात, आपण पुस्तकात बघायचं. आला तर आला. काकांनी अशा कित्येक चादरी पाहिल्या होत्या.

पुढच्या वेळी त्यांनी डाव टाकला. डॉक्टरवालीचा पहिला हात त्यांनी बाईंच्या बाजूच्या टेबलावर सहज विसरल्यासारखा ठेवला आणि स्वतःशीच पुटपुटले, “चुका मात्र फार आहेत यात.”

बाईंची मान वळली. “कसल्या चुका?”

“आता मला कुठं तेवढं कळतं? पण दवाखान्याच्या हिशोबात काहीतरी गडबड वाटली. नायिका तिथं हिशोबनीस आहे ना.”

झालं. चार तास बाईंनी मान वर केली नाही. मशीन थांबलं तेव्हा त्या बोलल्या, “ही मुलगी दवाखान्याची औषधं उधारीवर घेते आणि महिन्याच्या शेवटी शिल्लक दाखवते. हिला नोकरीवर ठेवलं कुणी?”

“डॉक्टरनं.”

“तो तर प्रेमात पडलाय. त्याचं काय सांगता!” बाई चिडून म्हणाल्या. “पुढचा भाग आहे ना?”

पुढचा भाग अर्थातच होता. पण काकांनी तो लगेच दिला नाही. “घरी आहे. शनिवारी आणतो,” असं म्हणून त्यांनी पिशवीचं तोंड गुपचूप आवळलं.

तर असं सुरू झालं. दुसरा हात बाईंनी खडे निवडावेत तसा वाचला. नायकाची गाडी एका पानावर लाल होती, पुढं करडी. आत्याबाई आजारी पडल्या त्या बऱ्या झाल्याच नाहीत, नुसत्या गोष्टीतून गायब झाल्या. “आत्याचं काय झालं?” बाई दर थोड्या वेळानं विचारायच्या. समोरून ड्रायव्हर म्हणायचा, “गेली असेल हो तिच्या घरी.” “न सांगता?” “आत्या लोकं तशीच असतात.” बाई हसल्या नाहीत, पण ओठ आवळून धरावे लागले. तेवढ्यावर काकांचा दिवस चांगला गेला.

महिना मात्र संपत आला होता आणि डॉक्टरवालीचा एकच हात उरला होता. मंगळवारी तो द्यावा की न द्यावा, यावर काकांचं मन खालीवर होत होतं. शेवटी बाईंनीच हात पुढं केला. काकांनी हिरव्या कागदात बांधलेला तिसरा हात त्यांना दिला. नेमकं त्याच दिवशी बाईंचं ब्लडप्रेशर घसरलं, डोळे मिटून पडून राहावं लागलं, एक पानही वाचून झालं नाही. जाताना त्यांनी पुस्तक पर्समध्ये ठेवलं. “घरी संपवते,” त्या म्हणाल्या. “बरं झालं. सगळंच एकदम संपेल.”

काका त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. हात धरून पुस्तक काढून घ्यावं असं त्यांना वाटलं, पण सुया लावलेला माणूस उठणार कसा?

गुरुवारी शेजारच्या खुर्चीवर नवी चादर होती.

ड्रायव्हरनं कप्तानवालीचा शेवटचा हात डोळ्यांसमोर धरला, पण पान उलटत नव्हता. काकांनी थोडा वेळ कळ काढली आणि मग रिवाज मोडला. “सिस्टर, बाई कुठं आहेत?”

मोठ्या सिस्टर थबकल्या. इथं असं कुणी विचारत नसे. “फोन आला होता. येत नाही म्हणाल्या.”

“आज येत नाही, की येतच नाही?”

“एवढंच म्हणाल्या, काका. मी भाचीला लावला होता, तिनं उचलला नाही.”

चार तास काकांना चार वर्षांसारखे गेले. घरी आल्यावर त्यांनी जेवणाला हात लावला नाही. “अहो, निदान दोन घास खा,” बायको म्हणाली.

“मी शेवट द्यायला नको होता गं. गोष्ट लांबवायला हवी होती. पाच भाग केले असते, सहा केले असते. माझ्या हातातलं काम होतं ते.”

“तुम्ही काय त्यांना बांधून ठेवणार होतात?”

“जन्मभर दुसरं केलंय काय?” काका म्हणाले.

बायकोनं उठून कपाटातून एक जाड कादंबरी काढली, न्यायाधीशवाली, आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. “ही फाडा. शनिवारी त्या आल्या, तर हाताशी काही नको का?”

काकांनी दुसऱ्या दिवशी न्यायाधीशवाली उसवली. चार भाग केले.

शनिवारी ते मशीनवर लागले, सुया बसल्या, पंप फिरायला लागला, तरी शेजारची खुर्ची रिकामीच. काकांनी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि तिकडेच बघत राहिले. इतक्यात दाराशी गलका झाला. मोठ्या सिस्टरांचा वरचा आवाज आला, “एवढं पाणी अंगात साठवून आलात? चेहरा बघा! पाय बघा! दम लागतोय तुम्हाला, आधी वजनकाट्यावर या!” आणि त्याहून वरचा एक ओळखीचा आवाज, “येते हो! आधी मला त्या माणसाशी बोलू द्या!”

ऑडिटरबाई आल्या होत्या. तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, भाचीच्या खांद्याचा आधार घेतलेला, पण डोळ्यांतून ठिणग्या उडत होत्या. त्या थेट काकांच्या खुर्चीशी येऊन उभ्या राहिल्या आणि हिरवं पुस्तक त्यांच्या नाकासमोर धरलं. सुया टोचलेला माणूस पळणार कुठं? आणि काकांना पळायचंच नव्हतं. त्यांच्या जिवात जीव आला होता, इतका, की बाई काय बोलतायत ते पहिल्यांदा त्यांच्या कानात शिरलंच नाही.

“मी विचारतेय, डॉक्टर कुठं राहतो?”

“कोण डॉक्टर? हां, तो. डोंगरावरच्या गावात.”

“तिथून समुद्र किती लांब?”

“असेल की बराच.”

“मग पान तीनशे पाचवर तो बंदरात नांगर कसा टाकतो?”

काकांनी चष्मा नाकावर सारखा केला.

“पान तीनशे चारवर,” बाई दम खात म्हणाल्या, “तो तिच्या दारात उभा आहे. दार वाजवणार, एवढ्यात पान संपतं. पुढच्या पानावर जहाज! नांगर! शिडं! आणि किनाऱ्यावर कुठल्या दीपगृहवाल्याची मुलगी रुमाल हलवतेय. ही कोण? हिशोबनीस मुलगी गेली कुठं? आत्यासारखी हिलाही गायब केली?”

काकांनी मोकळ्या हातानं पुस्तक घेतलं, उघडलं आणि शेवटच्या फर्म्यावरून अंगठा फिरवला. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टरवाली आणि कप्तानवाली त्यांनी एकाच संध्याकाळी उसवल्या होत्या. एकाच प्रकाशनाची एकाच मापाची स्वस्त माला, तोच कागद, तोच टाइप, तेवढीच पानं, आणि पानांवर पुस्तकाचं नाव छापायची त्या लोकांना गरज वाटलेली नाही. दोन्हींचे शेवटचे फर्मे टेबलावर शेजारी शेजारी पडले होते आणि मध्येच मुलीचा फोन आला म्हणून ते उठले होते. चष्मा कपाळावर होता. परत येऊन त्यांनी पानांचे आकडे जुळवले आणि शिवून टाकलं.

“माझी चूक,” ते म्हणाले. “बाई, उभ्या धंद्यात असं झालं नव्हतं. शेवटांची अदलाबदल झाली.”

बाई त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मटकन बसल्या. आवाज एकदम खाली आला. “गुरुवारी मी यायचं नाही असं ठरवलं होतं. शनिवारीही नाही. कधीच नाही. हिला कपाटाच्या किल्ल्या दाखवून ठेवल्या होत्या.” भाची दुसरीकडे बघायला लागली. “म्हटलं, हातातलं पुस्तक तेवढं संपवू आणि निवांत पडू. मला अर्धवट काही ठेवायची सवय नाही. आणि तुम्ही मला नेऊन सोडलंत बोटीवर! रात्रभर डोळा लागला नाही. काल या पोरीला घेऊन जुन्या पुस्तकांची सगळी दुकानं पालथी घातली, धापा टाकत. एकाकडेही नाही. मग कळलं, की ते जर कुठं असेल तर तुमच्याचकडे.” त्यांनी श्वास घेतला. “तो दारात उभा आहे, बाइंडर. तिनं दार उघडलं की नाही, हे कळल्याशिवाय मी कुठंही जाणार नाही.”

काकांचे डोळे भरून आले आणि पुसायला हात एकच, त्यात पुस्तक. त्यांनी तसंच वाहू दिलं. इतकी भिकार बांधणी त्यांनी जन्मात केली नव्हती आणि तिचा इतका आनंदही त्यांना कुठल्या बांधणीचा झाला नव्हता.

“अरेच्चा!” समोरून ड्रायव्हर ओरडला. “म्हणजे माझ्याकडं आहे की ते! मी म्हणतोय, हा कप्तान शेवटी डोंगरावर चढला कसा? दार वाजवतो, आतल्या बाईला नावानं हाका मारतो, औषधांचा हिशोब राहू दे म्हणतो. मला वाटलं, जहाजाला कंटाळून यानं दवाखाना काढला.”

“आणि नायिकेचं नाव वेगळं, ते?” बाईंनी विचारलं.

“लग्न झाल्यावर नाव बदलतंच की!”

हॉलमध्ये असा हशा उसळला की दोन मशीनं बोंबलायला लागली. टेक्निशियन धावला. बाई हसल्या. खळखळून हसल्या, सुजलेल्या तोंडानं, धाप लागेपर्यंत, आणि मोठ्या सिस्टरांनी ती संधी साधून त्यांचं वजन घेतलं, पाठीशी उशी दिली, सुया लावल्या.

मशीन फिरायला लागल्यावर बाईंनी हात पुढं केला. “ड्रायव्हर, द्या तो भाग इकडे. त्यानं दार वाजवल्यापासून पुढं काही सांगू नका, मी स्वतः वाचणार.”

ड्रायव्हरचा मोकळा हात पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे गेला. मग त्याची नजर काकांकडे गेली. काका नुसते त्याच्याकडे बघत राहिले. ड्रायव्हरनं हात मागं घेतला आणि डोकं खाजवलं. “घरी राहिला की हो. मंगळवारी आणतो.”

पिशवीचं तोंड उघडं होतं. कप्तानवालीच्या तिसऱ्या हाताला काकांनी निळा कागद लावला होता, आणि त्याची कड त्या पिशवीतून चांगली बोटभर वर आलेली दिसत होती. बाईंनी पिशवीकडे पाहिलं. अगदी सावकाश पाहिलं. टेक्निशियनच्या आकड्यातली चूक दुरून धरणाऱ्या त्या डोळ्यांना ती कड दिसली नसेल, असं काकांना क्षणभरही वाटलं नाही.

“मंगळवारी नक्की?” बाई म्हणाल्या.

“नक्की.”

“आणि विसरलात तर?”

“तर गुरुवारी,” ड्रायव्हर म्हणाला.

बाईंनी मान टेकली, डोळे मिटले आणि बराच वेळ तशाच पडून राहिल्या. भाचीनं त्यांच्या अंगावर चादर ओढली, तेव्हा त्यांनी डोळे न उघडताच मोकळा हात काकांच्या बाजूला पसरला.

“बाइंडर, मंगळवारपर्यंत वाचायला काय आहे?”